फ्लॉपीतला मृदंग: जुना अकाई सॅम्पलर लॅपटॉपला जोडण्याच्या नोंदी

कुडाळ, ४ मे २०२४

काकांच्या घराच्या माळ्यावरून सॅम्पलर आज खाली उतरवला. सॅम्पलर म्हणजे आवाज भरून घेऊन ते कीबोर्डच्या पट्ट्यांवरून वाजवणारे यंत्र; हे अकाई एस३०००एक्सएल, सोळा बिटांचे, एका वेळी ३२ स्वर वाजवणारे. काकांनी आपल्या वाद्यवृंदासाठी ते मुंबईहून जुन्यात घेतले होते आणि वाद्यवृंद बंद झाल्यावर चादरीत गुंडाळून ठेवून दिले होते. त्याच्यासोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २३ फ्लॉप्या आणि एक दोनशेपानी वही निघाली. मला खरी ओढ आहे ती या डब्याची. आबा, म्हणजे माझे आजोबा, दशावतारी कंपनीत मृदंग वाजवीत असत, आणि १९९८ च्या पावसाळ्यात, जत्रांचा हंगाम नसताना, काकांनी देवघराशेजारच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून त्यांच्या हाताची एकेक थाप या यंत्रात भरून घेतली होती. आबांच्या वादनाची दुसरी कोणतीही ध्वनिमुद्रिका आमच्याकडे नाही.

काम असे ठरवले आहे: फ्लॉप्यांची जशीच्या तशी नक्कल संगणकावर घ्यायची, त्यातले आवाज आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर वाजतील अशा फाइलींत काढायचे, आणि सॅम्पलर फ्लॉपीशिवाय पुन्हा चालता करायचा. क्रम मुद्दाम हाच ठेवला आहे. यंत्र बिघडले तर त्याच्यासारखे दुसरे मिळू शकते, परंतु या फ्लॉप्या जगात एवढ्याच आहेत.

वीज न देता झाकण उघडले. आत धूळ, दोन पालीची अंडी आणि मागच्या मिडीच्या (वाद्ये आणि संगणक यांच्यात संदेश नेणाऱ्या जोडणीच्या) पाच पिनांच्या सॉकेटांवर खाऱ्या हवेने चढलेली हिरवट पुटे होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने काढली. पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर फुगलेले नाहीत, कुठे ओघळही नाही.

८ मे

वायरमन करतात तसा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून यंत्राला वीज दिली. आत शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला असता. तो क्षणभर उजळून मंद झाला, पडदा उजळला आणि यंत्र सुरू झाले. त्यानंतर थेट जोडणी केली.

डब्यातली सर्वांत कमी महत्त्वाची, कीबोर्डच्या आवाजांची फ्लॉपी आधी घातली. ड्राइव्हमधून खरखर आवाज येताच ती बाहेर काढली. झडप सरकवून उजेडात पाहिले तर तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते आणि ड्राइव्हच्या हेडने त्यांवर एक बारीक गोल चरा ओढला होता. पंचवीसहून अधिक पावसाळे काढलेल्या फ्लॉपीकडे आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती ड्राइव्हमध्ये घालायला नको होती. यापुढे न तपासलेली एकही फ्लॉपी सॅम्पलरमध्ये जाणार नाही.

बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह येथे उपयोगाचा नाही, आणि त्याचे कारण नीट लिहून ठेवते. संगणकाच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर दर बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, आणि दर ट्रॅकवर ५१२ बाइटांचे १८ सेक्टर, म्हणजे तुकडे, असतात. अकाईने त्याच फ्लॉपीवर दर ट्रॅकला १०२४ बाइटांचे १० सेक्टर बसवले आणि १६०० किलोबाइट जागा मिळवली. यूएसबी ड्राइव्हला ठरावीक रचनाच वाचता येतात. अकाईची फ्लॉपी घातली की लॅपटॉप ती फॉरमॅट करायची का असे विचारतो. त्या प्रश्नाला चुकूनही ‘होय’ म्हणू नये, म्हणून फ्लॉप्यांच्या लिहिण्यापासून रक्षण करणाऱ्या खिडक्या आजच सगळ्या उघड्या करून ठेवल्या.

१३ मे

फ्लॉप्यांना हात लावण्यापूर्वी, सॅम्पलर आणि लॅपटॉप केवळ मिडी केबलने बोलतात का ते पाहिले. तत्त्वतः हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण मिडीमध्ये सॅम्पल, म्हणजे भरून घेतलेला एकेक आवाज, पाठवण्याची ठरलेली पद्धत, सॅम्पल डंप स्टँडर्ड, १९८० च्या दशकापासून आहे आणि हे यंत्र ती जाणते. लॅपटॉपने मागणीचा संदेश पाठवायचा, सॅम्पलरने आधी शीर्षक आणि मग १२७ बाइटांची पाकिटे पाठवायची, प्रत्येक पाकिटाच्या शेवटी बेरीज पडताळायचा एक बाइट असतो, आणि लॅपटॉपने दर पाकिटाला ‘पोचले’ किंवा ‘पुन्हा पाठव’ असे उत्तर द्यायचे.

अडचण वेगाची आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट. मिडीच्या डेटा बाइटमध्ये सात बिटच कामाचे असल्यामुळे सोळा बिटांच्या एका सॅम्पल-बिंदूला (आवाजाच्या एका क्षणाच्या मोजमापाला) तीन बाइट लागतात, आणि एका पाकिटातल्या १२० डेटा बाइटांत असे ४० बिंदू मावतात. एक सेकंदाच्या, ४४.१ किलोहर्ट्झच्या मोनो आवाजाला सुमारे १,१०३ पाकिटे लागतात आणि ती जायला जवळजवळ ४५ सेकंद जातात. एक भरलेली फ्लॉपी म्हणजे चौदा मिनिटे, २३ फ्लॉप्या म्हणजे पाच तासांहून थोडे अधिक, आणि हे सारे एकही पाकीट न चुकता.

पाकिटे चुकली. पहिल्यांदा एक साधी, स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल वापरली होती, आणि दर दहा-वीस पाकिटांमागे पडताळणीचा बाइट जुळत नव्हता. अशा केबलीतल्या चिपला सुरांचे तीन-तीन बाइटांचे छोटे संदेश झेपतात, पण सलग येणारे लांब संदेश साठवायला पुरेशी जागा नसते. काकांच्या मित्राकडून चांगला मिडी इंटरफेस आणल्यावर तीच सॅम्पल्स एकही चूक न होता उतरली. मार्ग चालतो, तथापि तो एखाददुसऱ्या सॅम्पलसाठीच. शिवाय असा उतरवलेला आवाज कीबोर्डच्या कोणत्या पट्टीवर, किती जोराला, कोणत्या दुसऱ्या आवाजासोबत वाजायचा हे त्याच्याबरोबर येत नाही. ते सॅम्पलरच्या ‘प्रोग्राम’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असते.

१९ मे

आज दिवसभर फ्लॉप्या. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मागवला आहे. त्याला जुन्या डेस्कटॉपमधला साधा फ्लॉपी ड्राइव्ह चौतीस तारांच्या पट्टीने जोडायचा आणि बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला. हा बोर्ड फ्लॉपीवर काय लिहिले आहे याचा अर्थ लावत बसत नाही. हेडखालून जाणाऱ्या चुंबकीय बदलांमधल्या वेळा मोजून त्या जशाच्या तशा नोंदवतो. अर्थ नंतर लॅपटॉपवर लावता येतो आणि अकाईची १६०० किलोबाइटची रचना त्याच्या यादीत आहे. अर्थ लावताना चूक झाली तरी फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही. प्रत्येक फ्लॉपीची कच्ची नोंद आणि उकललेली इमेज फाइल (सबंध फ्लॉपीची नक्कल), अशा दोन्ही ठेवत आहे.

फ्लॉपी स्वच्छ करण्याची पद्धत बऱ्याच प्रयत्नांनंतर बसली. झडप एका बाजूला सरकवून धरायची, मागची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवायची आणि उघड्या खिडकीतून दिसणाऱ्या भागावर अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेली कापसाची काडी आतून बाहेर अशी अलगद फिरवायची. काडी तपकिरी झाली तर थांबायचे, कारण मग मळाबरोबर लेपही निघू लागलेला असतो. काडी करडी झाली तर तो मळ आणि बुरशी. दोन्ही बाजू झाल्यावर अर्धा तास वाळवायची आणि मगच ड्राइव्हमध्ये घालायची. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे हेड पुसायचे, नाहीतर एका फ्लॉपीची बुरशी दुसरीवर घासली जाते. फ्लॉपी क्रमांक ९ चे कवच वाकलेले होते, त्यामुळे ते नखाने उकलून आतली चकती दुसऱ्या, स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात घातली. ती इतकी हलकी होती की पंखा बंद करावा लागला.

संध्याकाळपर्यंत ११ फ्लॉप्या झाल्या. १० पूर्ण वाचल्या गेल्या, आणि ९ क्रमांकाच्या चकतीवरचे सहा सेक्टर राहिले.

२ जून

उरलेल्या १२ झाल्या. हिशेब असा: १७ पहिल्या वाचनात स्वच्छ, ४ दुसऱ्यांदा पुसून आणि दर ट्रॅकचे दहा-दहा फेरे वाचून पूर्ण, २ अजून अपुऱ्या. अपुऱ्यांपैकी १४ क्रमांकाची फ्लॉपी मृदंगाची आहे. हवेत दमटपणा वाढू लागला आहे. सगळ्या फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवल्या.

९ जून

सॅम्पलरमधला फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी गोटेक बसवला. हा आकाराने ड्राइव्हसारखाच असतो, परंतु त्यात फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह लागतो आणि सॅम्पलरला आपण फ्लॉपीच वाचत आहोत असे वाटते. त्यावर आधीच फ्लॅशफ्लॉपी ही मुक्त प्रणाली चढवली होती. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘होस्ट’पुढे ‘अकाई’ लिहीपर्यंत सॅम्पलर फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही असे सांगत होता, कारण नुसत्या इमेज फाइलमध्ये तिची रचना कोठेच लिहिलेली नसते आणि ती कोणत्या यंत्राची आहे हे आपल्यालाच सांगावे लागते. ड्राइव्ह निवडायचा जम्पर (दोन पिना जोडणारी बारीक टोपी) कोठे हवा हे यंत्रागणिक बदलते. येथे दुसऱ्या जागी लावल्यावर चालला.

चार फ्लॉप्यांच्या इमेज एकापाठोपाठ एक लोड करून मृदंगाचा पूर्ण प्रोग्राम स्मृतीत जमवला, आणि कीबोर्डची पट्टी दाबण्याआधीच वीज गेली. सॅम्पलरची स्मृती वीज असेपर्यंतच टिकते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि सॅम्पलर रिकामा झाला. पावसाळ्याच्या तोंडावर कुडाळात हे होणार हे मला माहीत असायला हवे होते. दुपारी यूपीएस आणला. मात्र वीज कडाडू लागली की यूपीएसचा भरवसा न धरता सगळ्या पिना भिंतीतून काढायच्या, असा आमच्या घरचा जुना नियम आहे आणि तो येथेही लागू.

१६ जून

आता स्कझी. ही जोडणी या यंत्राला हार्ड डिस्कसाठी दिलेली आहे, आणि चार-चार फ्लॉप्यांत विभागलेला प्रोग्राम एका जागी ठेवायचा तर तीच योग्य. आज स्कझीची हार्ड डिस्क विकत घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ब्लूस्कझी नावाचा बोर्ड घेतला, जो मेमरी कार्डावरची एक मोठी फाइल हार्ड डिस्क म्हणून सॅम्पलरपुढे ठेवतो.

पहिले तीन तास सॅम्पलरला डिस्क दिसलीच नाही. कारणे दोन निघाली आणि दोन्ही माझ्या अज्ञानाची. स्कझीच्या तारेवर प्रत्येक उपकरणाला ० ते ७ यांपैकी स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. या बोर्डात तो फाइलच्या नावातच द्यायचा असतो. मी दिला ६, आणि सॅम्पलरचा स्वतःचा क्रमांकही ६ च होता. दुसरे म्हणजे टर्मिनेटर. तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर असावाच लागतो, नाहीतर संदेश टोकावर आपटून परततो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. केबल हातभरच आहे म्हणून बोर्डाकडचा टर्मिनेटर मी गरजेचा मानला नव्हता. क्रमांक ० दिला, टर्मिनेटर चालू केला, आणि पुढच्या वेळी डिस्क दिसली. ही केबल दोन्हीकडची वीज बंद असतानाच लावावी आणि काढावी.

२४० मेगाबाइटची इमेज करून सॅम्पलरवरूनच फॉरमॅट केली. या घराण्याच्या यंत्रांत डिस्कचा एक भाग ६० मेगाबाइटपर्यंतच असू शकतो, त्यामुळे अ, ब, क, ड असे चार भाग पडले. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण आमच्या २३ फ्लॉप्या पहिल्या भागातच मावल्या आणि एक तृतीयांशाहून अधिक जागा शिल्लक राहिली. गोटेकवरून लोड करून डिस्कवर साठवायचे, असे एकेक फ्लॉपी करत गेले. हे लॅपटॉपवरही करता आले असते. तथापि सॅम्पलरमधून नेल्यामुळे प्रत्येक प्रोग्राम कानाने तपासून पुढे जाता आले.

२३ जून

मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून अकाईयूटिल या प्रोग्रामने इमेज उघडली आणि सॅम्पल्स वेव्ह फाइलींत काढली. येथे एक धोका लिहून ठेवते. सॅम्पलरमधला प्रोग्राम आपली सॅम्पल्स नावाने शोधतो. नावे वाचायला सोपी करावीत म्हणून मी दोन बदलली आणि त्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या. मूळ इमेजमधले एकही नाव बदलायचे नाही. बदल फक्त काढलेल्या प्रतींत. स्टीरिओ आवाज हे डावे आणि उजवे असे दोन वेगळे मोनो सॅम्पल असतात, त्यांच्याही नावांच्या शेवटच्या खुणा तशाच राहू द्यायच्या.

नावे बारा अक्षरांची, तीही रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत. काकांनी ‘मृद घे ओ २’, ‘मृद घे सु ४’ अशी आखूड नावे ठेवली होती. ‘ओ’ आणि ‘सु’ म्हणजे काय हे मला वहीतूनच कळले. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, आणि ती सुकत जाते तसा ‘घे’चा घुमारा चढत आणि आटत जातो; काकांनी तेच बोल ओल्या कणकेचे आणि तासाभराने सुकू लागलेल्या कणकेचे असे दोनदा भरून घेतले होते. वहीत प्रत्येक सॅम्पलपुढे वेळ, कणकेची स्थिती आणि ‘पाऊस जोरात, पुन्हा घेणे’ असे शेरेही आहेत. वहीच्या सर्व पानांचे फोटो काढून इमेजच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवले.

संध्याकाळी काकांना पडवीत बसवून सॅम्पल्स ऐकवली. तिसऱ्याच थापेला ते म्हणाले, “ह्यो आबांचोच हात गो.” नंतर पाचव्या फाइलीवर थांबले: “ह्यो ओल्या कणकेचो नाय, सुक्या कणकेचो असा. नाव उलटा दिलंय मी तेव्हा.” वही उघडली, तिथे ‘सु’ लिहिलेले होते आणि फाइलीत ‘ओ’. फाइलीचे नाव बदलले नाही. वहीच्या फोटोंसोबतच्या नोंदीत हे काकांच्या सांगण्यावरून लिहून ठेवले आहे.

७ जुलै

सॅम्पलर चालू असताना स्पीकरमधून बारीक गुणगुण येत होती. ब्लूस्कझीच्या बोर्डाला लॅपटॉपच्या यूएसबीतून वीज दिली होती, त्यामुळे लॅपटॉपचे अर्थिंग आणि सॅम्पलरचे अर्थिंग केबलीतून जोडले गेले होते. बोर्डाला मोबाइलच्या वेगळ्या चार्जरने वीज दिल्यावर गुणगुण गेली. मिडी जोडलेली राहिली तरी त्रास नाही, कारण मिडीच्या आत येणाऱ्या टोकाला संदेश प्रकाशाच्या रूपाने पुढे देणारा ऑप्टोकपलर असतो आणि दोन यंत्रांचा विजेचा संबंध तिथेच तुटतो.

लॅपटॉपवरच्या सॅम्पलर सॉफ्टवेअरमध्येही मृदंगाचा संच उभा केला. अकाईमध्ये एका पट्टीसमूहाला चार सॅम्पल देता येतात आणि बोटाच्या जोरानुसार त्यांपैकी एक वाजतो. काकांनी हलकी, मध्यम आणि भरलेली अशा तीन थापा दिल्या होत्या. त्या जोराच्या सीमा वेव्ह फाइलींत येत नाहीत. सॅम्पलरच्या पडद्यावरून एकेक वाचून लिहून घेतल्या, त्यात एक सबंध दुपार गेली.

१४ जुलै

फ्लॉपी क्रमांक १४. चकती तिसऱ्यांदा पुसली, ड्राइव्ह बदलला, दर ट्रॅकचे वीस फेरे वाचले. पाच खराब सेक्टरांपैकी चार उकलले. एक राहिला, ‘ता’ या बोलाच्या बरोबर मध्ये. एक सेक्टर १०२४ बाइटांचा, म्हणजे ५१२ बिंदू, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला साडेअकरा मिलिसेकंदांहून किंचित अधिक. कानाला तिथे ‘टक्’ असे ऐकू येते.

ही पोकळी शेजारच्या लाटेवरून भरून काढता येईल आणि वाजवण्याच्या प्रतीत मी ती भरली आहे. मूळ प्रतीत मात्र तिथे शून्येच ठेवली आहेत, आणि ट्रॅक, बाजू व सेक्टर यांचे क्रमांक वहीत काकांच्या ‘ता’च्या ओळीसमोर, समासात, पेन्सिलने लिहिले आहेत.